तेराच्या आत

पहाटे पावणेपाच

आज दशमी. चिंचणीच्या किनाऱ्याला या वेळी भरती चढत असणार, म्हणजे धावायजोगी वाळू पाण्याखाली. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे सकाळी सहा-साडेसहाला ओहोट असते, वाळू ओली नि टणक असते, टाच रुतत नाही. तेव्हा मुलींना रिक्षात कोंबून मी वाणगावहून चिंचणी गाठते. बाकीच्या दिवशी शाळेचं मैदान. आमच्या घरी कालनिर्णयात एकादशी-चतुर्थी सासूबाई बघतात, मी भरती-ओहोटी बघते.

पिशवी रात्रीच भरलेली असते. स्टॉपवॉच, लाकडी क्लॅपर, फक्कीची पुडी, दोरी, प्लंबरकडून कापून आणलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, चिकटपट्ट्या, पॅडचं पाकीट, भिजवलेले चणे. चहा होईपर्यंत मोबाइलवर दोन मिस्ड कॉल येऊन गेले. मिस्ड कॉल म्हणजे 'निघालो'. उचलायचा नाही.

पावणेसहा

अजून नीट उजाडलेलं नाही. सप्टेंबर संपत आलाय, पण पाऊस जायचं नाव घेत नाही. मैदानाचा फाटकाकडचा कोपरा चिखल, मधला पट्टा बरा. सरळ शंभर मीटर या मैदानात बसतच नाहीत. ऐंशीच्या पुढे पाण्याच्या टाकीचा कठडा येतो. त्यामुळे माझ्या मुली ऐंशीपर्यंत पोटतिडकीने धावतात आणि शेवटच्या विसात काय करायचं ते त्यांना तालुक्याच्या स्पर्धेतच कळतं. कठडा पाडा असं मी म्हणत नाही. पाणी पिणाऱ्यांची संख्या धावणाऱ्यांपेक्षा मोठी आहे.

दहा-बारा जणी आल्यात. दोन जणी अनवाणी, त्यांना बूट आहेत पण ओल्या गवतात घालवत नाहीत. मी आग्रह करत नाही. जमैकात किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतली धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझरही प्राथमिक शाळेत अनवाणीच धावायची, आणि पुढे तिचा मोठा सराव झाला तो गवतावरच. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या गवती मैदानावर एमव्हीपी क्लबचे धावपटू घाम गाळत, स्टीफन फ्रान्सिस त्यांचे प्रशिक्षक. सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून रडायचं झालं, तर आधी हे आठवायचं, असं मी स्वतःला बजावते. मुलींना नाही. त्या रडत नाहीतच. कांदिवलीच्या साई केंद्रात पहिल्यांदा लाल ट्रॅकवर पाय ठेवला तेव्हा एकीने खाली बसून तो हाताने चाचपला आणि विचारलं, "मॅडम, पावसात याचं काय करतात?"

अंग मोकळं करून झालं, की स्टार्ट. आजचा सगळा वेळ मी यालाच देणार आहे. ब्लॉक लाकडाचे, सुताराकडून करून घेतलेले. मागे दोन खिळे ठोकून जमिनीत बसवते. नववीतली एक आहे, तिचं नाव मी इथे लिहीत नाही. वाणगावच्या पूर्वेला एका पाड्यावरची, वारली घरातली. उंची माझ्या खांद्याला लागते. ती 'जागा घ्या' म्हटल्यावर बोटं रेषेमागे अशी टेकवते की अंगठा आणि तर्जनी यांच्यात पूल तयार होतो, हाताचा तळवा अधांतरी. हे तिला कुणी शिकवलं नाही. 'तयार' म्हटलं की कंबर खांद्यांच्या किंचित वर जाते, आणि इथे बहुतेक मुली चुकतात, कंबर नको तितकी उचलतात आणि पहिल्या पावलालाच तोल जातो. हिचा जात नाही. हिची चूक पुढची आहे. तिसऱ्या पावलाला मान वर येते. समोर बघायची घाई. मान वर आली की छाती सरळ होते, छाती सरळ झाली की ढकलणं संपतं आणि पळणं सुरू होतं. पहिले वीस-पंचवीस मीटर पळायचं नसतं, जमिनीला मागे ढकलायचं असतं. मी दहा मीटरवर चप्पल ठेवली आणि सांगितलं, चपलेपर्यंत जमीन बघ. पाच वेळा केलं. चौथ्यांदा बरोबर आलं, पाचव्यांदा पुन्हा मान वर.

"काय बघतेस ग वर?"

"पुढं कोण हाय का ते."

"तुझ्या पुढे कुणी नसणार आहे. बघायचं काय?"

हसली. सहाव्यांदा मान खाली.

शेली-अ‍ॅनची उंची पाच फूट. जेमतेम. बुटक्या मुलीला जमिनीशी असलेलं नातं लवकर उमगतं असं माझं मत आहे, शास्त्र काय म्हणतं ते शास्त्रवाल्यांनी सांगावं. तिची २०२१ची लोझानमधली शर्यत, १०.६० सेकंदांची, मी मोबाइलवर थांबवून-थांबवून दाखवली आहे. बंदुकीच्या आवाजानंतरच्या पहिल्या काही पावलांत ती कुठेच बघत नाही.

माझ्या नववीवालीचे तेरा पूर्णांक दोन. हातातल्या घड्याळावर. हाताने घेतलेल्या वेळेत शंभर मीटरला पाव सेकंदाची भर घालावी लागते, म्हणजे विजेवरच्या घड्याळात ते साडेतेराच्या जवळ. सरासरी काढली, तर शेली-अ‍ॅन दोरीला लागते तेव्हा आमची अजून वीस मीटर मागे. वीस मीटर म्हणजे काही गंमत नव्हे. पण ही चौदा वर्षांची आहे, आणि आधी मला तेराच्या आत यायचंय. इथून बुलेट ट्रेन जाणार, बोईसरला थांबणार म्हणतात. जाऊ दे. तिचा वेग तिच्यापाशी.

साडेसात

चणे-गूळ वाटला. दोघी सायकलवर घरी गेल्या. एकीला गुरं सोडायची आहेत. पावसाळा सरला की यातल्या निम्म्या जणी सकाळी येणार नाहीत, मिरचीची तोडणी सुरू होईल. वाणगावची हिरवी मिरची बाहेरच्या बाजारात नाव कमावून आहे. ती कुणाच्या तरी बोटांनी तोडावी लागते, आणि मुलींची बोटं चपळ असतात. मी मजुरीच्या आड येत नाही. तोडणीच्या दिवसांत सराव संध्याकाळचा.

गंमत म्हणजे ही मिरची आणि डहाणू-घोलवडचा चिकू, दोन्ही मूळचे शेली-अ‍ॅनच्या बाजूचेच, मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या. ते इथे येऊन रुजले.

साडेदहा

प्रार्थना, प्रतिज्ञा, परिपाठ. वेळापत्रकात माझे तास आहेत, आठवीचा तिसरा, नववीचा सहावा. तिसरा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला, चाचणी जवळ आलीय. 'मॅडम, आजच्या दिवस.' आजच्या दिवसाला अंत नसतो. तरी मी सुदैवी. तालुक्यात कित्येक शाळांत क्रीडाशिक्षकच नाही. चित्रकलेचे सर किंवा विज्ञानाच्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून मुलं घेऊन येतात, आणि कौतुक असं की आणतात.

तास गेला म्हणून ग्रंथालयात बसले, तालुकास्तराच्या याद्या करत. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून मुंबई विभाग, विभागातून राज्य. आश्रमशाळांची वाट वेगळी, त्यांच्या स्पर्धा आदिवासी विकास खात्याच्या डहाणू प्रकल्पात होतात. वाणगावच्या एकाच पाड्यावरच्या दोन बहिणी, एक आमच्याकडे आणि एक आश्रमशाळेत असेल, तर त्या एकमेकींविरुद्ध सहसा धावतच नाहीत.

हे करताना मनात जे हिशोब चालतात ते सांगते. जमैकाची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळा झालेला आपला पालघर जिल्हा, २०११च्या शिरगणतीप्रमाणे ३० लाखांच्या घरात. म्हणजे माणसं सारखीच. एका बाजूला २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शंभर मीटरला पहिली शेली-अ‍ॅन, १०.७८, आणि तिच्यामागे शेरोन सिम्पसन आणि केरॉन स्टुअर्ट एकाच वेळेत, दोघींना रौप्य, कांस्य कुणालाच नाही. तिन्ही पदकं एका बेटाला. दुसऱ्या बाजूला आम्ही.

लोक लगेच म्हणतात, त्यांच्या रक्तातच आहे. मला हे वाक्य ऐकलं की राग येतो, कारण ते म्हणणारा त्याच दमात आपल्या पोरांच्या रक्तात काय नाही तेही सांगून मोकळा होतो. रक्ताचं राहू द्या, तिथल्या शाळेचं काय ते बघा. त्यांची शालेय स्पर्धा, जिला सगळे 'चॅम्प्स' म्हणतात, मुलांसाठी १९१० पासून सुरू आहे. मुलींची आधी वेगळी होत असे, १९९९ पासून दोघांची एकत्र. राष्ट्रीय स्टेडियम शाळकरी पोरांची शर्यत बघायला भरतं, माजी विद्यार्थी शाळेचे रंग अंगावर घालून ओरडायला येतात, टीव्हीवर प्रक्षेपण होतं. आणि १९८०मध्ये क्यूबाच्या मदतीने त्यांनी स्पॅनिश टाउनजवळ जी. सी. फॉस्टर महाविद्यालय काढलं, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करायला. म्हणजे माझ्यासारखे. शाळाशाळांतून तिथले विद्यार्थी प्रशिक्षक होऊन गेले. हे सगळं रक्तात नसतं, अंदाजपत्रकात असतं.

एक वाजता

खिचडीचा वास. पोषण आहार आठवीपर्यंत. नववीच्या मुलीला मिळत नाही. वाढीचं वय नववीलाही संपलेलं नसतं आणि ताट आठवीनंतर काढून घेतात. माझ्या धावणाऱ्या नववी-दहावीच्या मुली डबा आणतात. तांदळाची भाकर, मिरचीचा ठेचा, कधी सुका बोंबील. आता पावसात शेवळं-करटोली संपली, थंडीत करांदे येतील. जमैकातले धावपटू त्यांच्याकडच्या यामचं कौतुक सांगत असतात, तो करांद्याच्याच जातीचा कंद. हे कळल्यापासून करांदे आणणारी मुलगी वर्गात मिरवते.

आज सोमवार, निळ्या गोळ्यांचा दिवस. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची, आठवड्याला एक. ही वाटायचं काम विज्ञानाच्या बाईंचं, पण धावणाऱ्या मुलींनी ती गिळली की खिडकीतून फेकली हे मी बघते. इकडे रक्त कमी असणं हे घरटी आहे, आणि सिकलसेलही आहे. सिकलसेलचा नुसता वाहक असलेली मुलगी धावू शकते, पण उन्हात पाण्याविना जोर लावायला लावणं धोक्याचं. अशा मुलीची तपासणी डॉक्टरांकडून झाल्याशिवाय मी तिला घड्याळ लावत नाही. कुणाची दमछाक आळशीपणाची आणि कुणाची रक्ताची, हे शिट्टी फुंकण्याआधी समजलं पाहिजे.

गोळीवरून शेली-अ‍ॅनची २०१०ची गोष्ट दर वर्षी सांगते. ऑलिंपिक विजेती, जगज्जेती, आणि दाढ दुखली म्हणून वेदनाशामक घेतलं. त्यात ऑक्सिकोडोन निघालं, ते बंदी असलेल्या यादीत. पळण्याला त्याने काही जोर येत नाही, पण नियम तो नियम. सहा महिने बंदी. मुली गप्प होतात. मग दहावीतली एक म्हणते, "मग दाढ दुखली तर काय करायचं?" करायचं हे, की डॉक्टरला आधी सांगायचं, मी खेळाडू आहे, आणि चिठ्ठी मला दाखवायची. पाड्यावर जो सुई टोचून जातो त्याच्याकडून तर काहीच घ्यायचं नाही. शेवटचं वाक्य खेळासाठी नाही, सगळ्यासाठीच.

अडीच

शिक्षकखोली. विषय निघाला रिलेच्या चौथ्या जागेचा. आठवड्यापूर्वी चाचणी घेतली, पहिल्या चौघी ठरल्या. पाचवी आली ती गेल्या वर्षी जिल्ह्यात पोचलेली, गावात नाव असलेली, घरून चांगले बूट मिळालेली. तिच्यासाठी शब्द टाकणारे आले. चौथी नवखी आहे, आदल्या वर्षी खो-खो खेळत होती. 'अनुभवाला किंमत द्या की मॅडम.'

मी बीजिंग काढलं. २००८च्या जमैकातल्या निवड चाचणीत एकवीस वर्षांची, फारशी कुणाला ठाऊक नसलेली शेली-अ‍ॅन पहिल्या तिघींत आली, आणि वेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन चौथी. वेरोनिका तेव्हाची शंभर मीटरची जगज्जेती. देशात ओरडा झाला, पोरीला काढा, वेरोनिकाला घ्या. नाही काढलं. पुढचं सर्वांना माहीत आहे. कॅरिबियनमधल्या बाईला मिळालेलं शंभर मीटरचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

उदाहरण पटलं असं मुळीच नाही. "ते जमैकात," म्हणाले. शेवटी ठरलं की शुक्रवारी पुन्हा चाचणी घ्यायची, दोघींचीच, सगळ्यांसमोर. मी मान्य केलं, पण घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्यायची अट घातली.

पावणेपाच

शाळा सुटली. आता रिले. पाइपचा तुकडा तीस सेंटिमीटरचा कापलेला आहे, खरं बॅटनही तेवढंच. बॅटन बदलायला तीस मीटरचा पट्टा मिळतो. तो मी फक्कीने आखला. बॅटन देणारीने हाक द्यायची 'घे', आणि घेणारीने मागे न बघता हात मागे काढायचा, तळवा वर, अंगठा फाकलेला. मुलींना मागे बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. चार बदल केले, तीन पडले. पाइप गवतात हरवतो, एकजण शोधायला वाकते, दुसरी तिच्यावर आदळते. हसून हसून पुरेवाट.

खो-खोवाली मात्र पहिल्याच दिवशी न बघता हात काढते. खो-खोत पाठीमागून आलेल्या हाकेवर उठायचीच सवय असते. हे मला आधी सुचायला हवं होतं.

बसल्यावर मेरी डिसूझांचं सांगितलं. आपल्याच लोकल मार्गावरचं वांद्रे, तिथल्या. १९५१च्या दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळात दोनशे मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्य. त्याच स्पर्धेत मुंबईच्या रोशन मिस्त्रींना शंभर मीटरला रौप्य. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिक, भारतातून गेलेल्या पहिल्या महिला धावपटूंत मेरी आणि नीलिमा घोष. जायला पैसे नव्हते, ओळखीपाळखीच्यांनी उभे केले. १९५४ला मनिलात ख्रिस्तीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी, चौघींनी चार गुणिले शंभरचं सुवर्ण आणलं. मेरी हॉकीही खेळायच्या. ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला २०१३ला. मध्ये किती वर्षं गेली ती मुलींनी बोटांवर मोजली आणि पुन्हा मोजली.

"मॅडम, त्या एवढी वर्षं धावल्या?"

नाही. तेच तर. इथे धावणं थांबतं. त्या काळी नोकरी, लग्न, परदेश. आजही फार वेगळं नाही. ज्यांचं थांबलं नाही अशा आपल्याकडे मोजक्या. सावरपाड्याची कविता राऊत, तुमच्यासारख्याच पाड्यावरची, २०१०ला राष्ट्रकुल खेळात दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई खेळात रौप्य. मुंबईची ऐश्वर्या मिश्रा, हांगझोऊच्या आशियाई खेळात चार गुणिले चारशेच्या रौप्यपदक संघात.

आणि तिकडे जमैकाची मर्लिन ओटी. १९८०ला मॉस्कोत दोनशे मीटरचं कांस्य. मग २००४पर्यंत सात ऑलिंपिक, नऊ पदकं. सुवर्ण एकही नाही. १९९६ला अटलांटात शंभर मीटरला ती आणि अमेरिकेची गेल डीव्हर्स दोघींची वेळ १०.९४, फोटो बघून डीव्हर्स पहिली. पुढे ती स्लोव्हेनियाकडून धावू लागली आणि २०१२मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत रिलेत उतरली.

"बावन्न? माझी आजी तेवढीच हाय."

आजी धावते का, असं मी विचारलं. नाही, पण लाकडाची मोळी घेऊन लोकल पकडते.

मग शेवटचे दोन मीटर शिकवले. छाती पुढे टाकायची, हात मागे. डोकं नव्हे, हात नव्हे, धड रेषेवर मोजतात. १९८४ला पी. टी. उषांचं ऑलिंपिक कांस्य चारशे मीटर अडथळ्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. आमच्या मैदानात रेषा टाकीच्या कठड्याआधी ऐंशीवर आखली आणि मुलींना सांगितलं, रेषेवर झुका पण कठड्यावर नको.

सात

नववीवालीला पाड्यावर सोडायला गेले, तिच्या घरी काम होतं. रस्ता निम्मा डांबरी. तिचा बाप अंगणात जाळं विणत होता, आईने पाणी दिलं. वडिलांना जन्मदाखल्याचं विचारलं. शाळेच्या रजिस्टरात आणि आधारात दोन महिन्यांचा फरक आहे, फॉर्म अडकतो. दाखला देतो म्हणाले. मग खरा विषय.

"बाई, दिवाळी झाली की भट्टीवर जावंच लागतंय. उचल घेतलीय."

तालुका सप्टेंबर-ऑक्टोबर, जिल्हा त्याच्या मागोमाग, विभाग दिवाळीनंतर. डहाणू-तलासरीतून भिवंडी, वसई, गुजरातच्या वीटभट्ट्यांकडे कुटुंबं निघतात तीही दिवाळीनंतरच. घरं बंद होतात, पोरी बरोबर जातात, कारण मागे ठेवायचं कुणापाशी. माझ्या पाहण्यात पायाने अपुरी पडून थांबलेली मुलगी विरळा, तारखांनी थांबलेल्या पुष्कळ.

इथे मी शेली-अ‍ॅनच्या आईचं सांगितलं. मॅक्सीन बाई, किंग्स्टनच्या रस्त्यावर माल विकायची, एका खोलीत पोरं वाढवलेली. ती स्वतः एके काळी धावायची. पोरीला वोल्मर्ससारख्या चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा तिथल्या माजी विद्यार्थिनींनी वह्या-पुस्तकांना, गणवेशाला हातभार लावला. मग ती पोर २००८ला जिंकली, २०१२ला लंडनमध्ये पुन्हा जिंकली, २०१७च्या ऑगस्टमध्ये बाळ झालं, सगळे म्हणाले संपली, आणि २०१९ला दोहात बाळ कडेवर घेऊन जगज्जेतेपदाची फेरी मारली. शंभर मीटरचं पाचवं जगज्जेतेपद २०२२ला, पस्तिसाव्या वर्षी. २०२५मध्ये टोकियोला शेवटचं धावली आणि रिलेचं रौप्य घेऊन थांबली. मुलाच्या शाळेत पालकांची शर्यत होती तिथेही उतरली होती, बाकीच्या आया किती मागे होत्या ते बघण्यासारखं आहे.

आईला ही शेवटची गोष्ट सगळ्यात आवडली. दोनदा सांगायला लावली. बाप ऐकत होता पण जाळ्याची गाठ सोडली नाही. मग म्हणाला, "विभागाला किती दिवस?" मी म्हटलं, विभाग झाला आणि निवड झाली तर राज्य, म्हणजे डिसेंबरपर्यंत धरा. "आजी हाय, पण आजीला दिसत नाय. रातचं जेवण कोण करंल?" प्रश्न पैशाचा नव्हता, निदान सगळा नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीला बंद घरात आंधळ्या आजीबरोबर ठेवायचं, हे मीही माझ्या मुलीच्या बाबतीत केलं नसतं. बघते म्हणाले आणि उठले.

रात्री नऊ

जेवण झालं, सासूबाईंची मालिका संपली, वाय-फाय मोकळं झालं. ऑनलाइन नोंदणी. फोटो, आधार, जनरल रजिस्टर नंबर, बाब निवडा. शंभर, दोनशे, रिले. साइट दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सतरा वर्षांखालील मुली, पहिलं नाव गेलं.

दरम्यान जुन्या मुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहून टाकलं. गटात पंचवीस-तीस जणी, सगळ्या कधीकाळी या मैदानात धावलेल्या. कुणी बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला, कुणी डहाणूच्या दवाखान्यात, कुणी दोन लेकरांच्या आया. लिहिलं ते असं: नववीची मुलगी, दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत राहायची सोय हवी, शाळेपासून चालत येण्याजोगी. पळते चांगली. खर्चाचं मी बघते.

पाच मिनिटं कुणीच बोललं नाही. मग एकीने अंगठा टाकला, दुसरीने हात जोडले. अंगठ्यांवर मुलगी जेवत नाही. साडेनऊला चारशे मीटरवालीचा मेसेज आला. ही माझी चांगली धावपटू, विभागापर्यंत गेलेली, दहावीनंतर थांबली. त्या वर्षी तिचं घरही बंद होतं. आता स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहते, आई असते बरोबर, पहाटेची लोकल पकडून बोईसरला जाते.

'मॅडम माझ्याकडे राहू दे. खर्च नको. सकाळी मी पाचला उठतेच, तिला मैदानावर सोडून गाडी पकडीन. तिच्या आईला माझ्या आईशी बोलायला लावा. आई विचारतेय सुका जवळा चालतो का तिला, आमच्याकडे रोज तोच असतो.'

मी लिहिलं, चालतो. आणि शुक्रवारी सुट्टी असेल तर पावणेपाचला मैदानावर ये, रिलेची चाचणी आहे, घड्याळ धरायला माणूस हवं.